बागेतलं हेझल बुटकं ठेवताना: तीन हिवाळ्यांचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या मागच्या बागेतल्या हेझलचं शेवटचं जुनं खोड काढलं आणि २०२२ च्या उन्हाळ्यात डोक्यात घेतलेलं काम एकदाचं मार्गी लागलं. इंग्लंडात आपल्या लोकांनी घरं घेतली की बागेत काय काय मिळेल सांगता येत नाही, आम्हाला मिळालं हेझलनटचं झाड. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि सुरुवातीला जी माहिती हवी होती ती मराठीत कुठे सापडेना, म्हणून जसं जसं झालं तसं सगळं लिहून ठेवतेय. लांबण लागेल थोडी.

आम्ही केंटमध्ये राहतो, एका जुन्या वस्तीत. घर घेतलं तेव्हा झाड असेल पाच-साडेपाच मीटर उंच. आधीच्या मालकांनी ते दरवर्षी हेज ट्रिमरने (कुंपणाची झुडपं कापायच्या यंत्राने) वरून सपाट कापलेलं होतं, त्यामुळे जिथे जिथे कापलं तिथून तीन-तीन चार-चार फुटवे आलेले आणि वर एवढी दाटी झालेली की खाली नुसती उघडी खोडं, आणि वर पानांचं छप्पर. उन्हाळ्यात स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावायला लागायचा. शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहतात, त्यांचा भाजीचा वाफा नेमका आमच्या कुंपणाला लागून, त्या कधी तक्रार करायच्या नाहीत पण त्यांच्या बीन्सचे वेल सगळे उन्हाच्या शोधात एका बाजूला झुकलेले मला रोज दिसायचे.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, माणूस बोलवू आणि वरून दोन मीटर उडवून टाकू. दोघांकडून कोटेशन घेतलं. एक म्हणाला वरून कमी करतो, दोनशे पौंड. दुसऱ्याने झाडाखाली बसून बुडाकडे बघितलं आणि म्हणाला की वरून कापाल तर दरवर्षी मला बोलवावं लागेल, हे झाड बुडातूनच काढायचं असतं, त्याचे साडेतीनशे पौंड अधिक व्हॅट, पण आधी तुमचा भाग कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी खास नियम असलेल्या भागात) येतो का ते बघा. आम्ही दोघांपैकी कोणालाच काम दिलं नाही, पण या दुसऱ्या माणसाचे मी आजही मनातून आभार मानते, कारण पुढचं सगळं त्या दोन वाक्यांवरून सुरू झालं.

मग वाचायला लागले. हेझल मोकळं सोडलं तर १२ मीटरपर्यंत जातं, पण मुळात ते एका खोडाचं झाडच नाही, बुडातून सतत नवीन फुटवे देणारं झुडूप आहे. इकडे शेकडो वर्षं ते जमिनीलगत कापून पुन्हा फुटू देतात, त्याला कॉपिसिंग म्हणतात. सात ते दहा वर्षांनी एकदा कापायचं, सरळ काठ्या मिळतात, त्यांची कुंपणं आणि वेलांचे आधार करायचे, आणि झाड परत फुटतं. गंमत म्हणजे न कापलेलं हेझल साधारण ८० वर्षं जगतं आणि असं कापत राहिलेलं कित्येक शतकं टिकू शकतं. हे वाचल्यावर माझी निम्मी भीती गेली. वरून छाटलं की झाड त्या जखमेपाशी झाडूसारखं फुटतं आणि उंची दोन वर्षांत परत येते. जुनं खोड बुडातून काढलं की त्याची पूर्ण उंचीच जाते आणि जागा नव्या कोवळ्या फांदीला मिळते. झाड लहान ठेवायचं म्हणजे ते सतत तरुण ठेवायचं, एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं बुडातून कापतेस? मरेल ना ते, कशाला पाप घेतेस डोक्यावर." मागून बाबा म्हणाले, "काही मरत नाही, द्राक्षाला खरड छाटणी करतो ना आपण एप्रिलात, बघणाऱ्याला वाटतं बाग संपली, आणि महिन्यात हिरवीगार होते." बाबांच्या या बोलण्याने मला जो धीर आला तो कुठल्याही पुस्तकाने दिला नसता.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे पण इंग्लंडात राहणाऱ्यांनी प्लीज वाचा, कारण न कळवता कापलं तर मोठा दंड होऊ शकतो. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, वेबसाइटवर नकाशा असतो, त्यात पोस्टकोड टाकला की तुमचं घर कॉन्झर्व्हेशन एरियात आहे का आणि एखाद्या झाडावर टीपीओ म्हणजे ट्री प्रिझर्व्हेशन ऑर्डर (ते झाड जपण्याचा आदेश) आहे का ते कळतं. आमच्या झाडावर टीपीओ नव्हता, पण एरिया कॉन्झर्व्हेशनचा निघाला. अशा ठिकाणी जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर काम करण्याआधी काउन्सिलला सहा आठवड्यांची नोटीस द्यावी लागते. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्टच्या कलम २११ खाली ती येते म्हणून तिला सेक्शन २११ नोटीस म्हणतात. हेझलला तर वीसेक खोडं, मग कुठलं मोजायचं? त्यातलं एक जरी ७५ च्या वर गेलं तरी पूर्ण झाड नियमात येतं. व्यास मोजायची कटकट नको असेल तर शिवणाची टेप खोडाभोवती गुंडाळा, घेर साडेतेवीस सेंटीमीटरच्या वर भरला की समजा ७५ ओलांडलं. आमची चार-पाच खोडं आरामात वर होती.

ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला मी फॉर्म भरला. फी शून्य, हे ऐकून मला दोनदा खात्री करून घ्यावी लागली, पण खरंच या नोटिशीला पैसे लागत नाहीत. ऑनलाइन फॉर्म अर्ध्यात बंद पडायचा म्हणून शेवटी पीडीएफ भरून ईमेल केला, आणि चार दिवसांनी उत्तर आलं की स्केचमध्ये झाडाची जागा स्पष्ट नाही. तेव्हा टिप अशी की स्केच सुंदर नसलं तरी चालतं पण त्यात घराचा आकार, रस्त्याचं नाव, कुंपणाच्या रेषा, उत्तर दिशा आणि झाडाला नंबर (टी१ असा) एवढं हवंच. मी परत काढून पाठवलं. कामाचं वर्णन जितकं नेमकं तितकं बरं. "छाटणी करायची आहे" एवढ्यावर भागत नाही. मी लिहिलं होतं की टी१ हेझल, सर्वात जुन्या खोडांपैकी सुमारे एक तृतीयांश जमिनीलगत कापणे, टप्प्याटप्प्याने सलग हिवाळ्यांत, झाड काढून टाकायचं नाही. कारण देणं बंधनकारक नसतं तरी मी दोन ओळी सावलीबद्दल लिहिल्या आणि मोबाइलवर काढलेले फोटो जोडले.

मग वाट बघायची. सहा आठवडे हे काउन्सिलला नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाठवल्यापासून नाही, म्हणून त्यांचं पोच-पत्र जपून ठेवा. या नोटिशीला काउन्सिल सरळ "नाही" म्हणू शकत नाही, अटीही घालू शकत नाही. त्यांना झाड वाचवायचंच असेल तर त्यांनी टीपीओ लावायचा, नाहीतर तुम्हाला करू द्यायचं. सहा आठवड्यांत काहीच उत्तर आलं नाही तरी काम करता येतं. हे माहीत असूनही मला रोज ईमेल उघडताना धाकधूक व्हायची, परक्या देशात सरकारी कागद आला की होतं तसं. नोव्हेंबरच्या शेवटी हरकत नसल्याचं पत्र आलं. त्यात दोन गोष्टी होत्या: काम नोटिशीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत करा, आणि पक्ष्यांची काळजी घ्या. वापरात असलेलं घरटं मोडणं हा १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, म्हणून मार्च ते ऑगस्ट शक्यतो करवत लावायचीच नाही.

पान गळल्यापासून मार्च लागेपर्यंत कधीही कापता येतं, पण मी फेब्रुवारी धरला. कारण असं की हेझलला जानेवारी-फेब्रुवारीत पिवळे लोंबते तुरे येतात, ती नर फुलं. मादी फुलं त्याच फांदीवर असतात पण इतकी बारीक की कळीच्या टोकाला दोन-चार लाल धागे दिसतात एवढंच, पहिल्यांदा दिसली तेव्हा मी थंडीत कितीतरी वेळ बघत उभी होते. परागीकरण वाऱ्याने होतं आणि स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही, जवळपास दुसरं हेझल लागतं. केंटच्या बागांमध्ये तुरे फुललेले असतानाच छाटणी करायची जुनी पद्धत आहे, फांद्या हलतात आणि पराग सगळीकडे उडतो. फक्त ज्यांना परागाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी गोळी घेऊन आणि गॉगल लावून जा, माझे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होते.

हत्यारं: २८ पौंडांची घडीची करवत, ३५ पौंडांचा लांब दांड्याचा बायपास लॉपर (फांद्या कापायची मोठी कात्री), जाड हातमोजे, आणि डोळ्यांना चष्मा. शिडी नाही. हे मुद्दाम सांगते, बुडातून काढायचं असल्यामुळे सगळं काम जमिनीवर उभं राहून होतं आणि हाच या पद्धतीचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा आहे. कापायच्या आधी बुडाशी साचलेला पाला हाताने हळू बाजूला करा, हिवाळ्यात त्यात हेजहॉग (अंगावर काटे असलेले छोटे प्राणी) झोपलेले असू शकतात.

कुठलं खोड काढायचं हे ठरवायलाच सकाळ गेली. मी लाल लोकरीचे धागे बांधले. सगळ्यात जाड आणि जुनी, जी मधोमध गर्दी करतायत, जी एकमेकांवर घासतायत, ती आधी. वीसेक खोडांतली सहा-सात निवडली आणि तिथे थांबले, हात शिवशिवत असला तरी. एका दमात सगळं कापलं तरी झाड मरत नाही, पण मग उघडी बाग, आडोसा गायब, आणि दोन-तीन वर्षं नट नाहीत. आम्हाला शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर आडोसा हवा होता म्हणून तीन टप्पे.

जाड खोड एकदम बुडाशी कापायला गेलं की ते वजनाने फाटतं, साल खालपर्यंत सोलून निघते. म्हणून आधी कमरेच्या उंचीवर कापायचं, तेही ज्या बाजूला कलतंय तिथून थोडी खाच देऊन मग विरुद्ध बाजूने, वरचा भाग ओढून काढायचा (वर सगळ्या फांद्या एकमेकांत गुंतलेल्या असतात, बुडाकडून ओढलं की सुटतात), आणि मग उरलेला खुंट जमिनीपासून चार बोटांवर, पाणी बाहेरच्या बाजूला ओघळेल असा तिरपा कापायचा. खुंट उंच ठेवायचा मोह होतो कारण वाकायला नको, पण उंच ठेवला की नवीन फुटवे त्या उंचीवरून येतात आणि दोन वर्षांत परत तीच गत.

त्या संध्याकाळी खिडकीतून ते पांढरे खुंट बघून मला खरंच वाईट वाटलं. रात्री झोप नीट लागली नाही.

निघालेल्या लाकडाचं काय करायचं हा प्रश्न आधी विचारात घ्या, ढीग वाटतो त्याच्या तिप्पट होतो. काउन्सिलचा हिरवा डबा आमच्याकडे वर्षाची वेगळी फी भरून मिळतो आणि तो एका खोडातच भरला. रिसायकलिंग सेंटरला आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, शनिवार-रविवारचे पटकन संपतात. पण खरं सांगायचं तर फेकायचं फारच थोडं असतं. सरळ काठ्या मी सहा-सात फुटांच्या कापून शेजारच्या बाईंना दिल्या, त्यांनी त्यावर बीन्स चढवले. डहाळ्यांचे पंख्यासारखे तुकडे वाटाण्याच्या वेलाला आधार म्हणून लागतात. काठ्या कापल्या कापल्या जमिनीत रोवल्या तर क्वचित एखादी मूळ धरते, म्हणून आधी वाळू द्या किंवा उलट्या रोवा.

एप्रिल गेला, काही नाही. मे मध्ये एका सकाळी खुंटाच्या कडेने गुलाबी-तपकिरी कोंब दिसले, आणि मी आईला सकाळी सकाळी फोन लावला. नंतर ते इतक्या वेगाने वाढले की सप्टेंबरपर्यंत माझ्या खांद्याला लागले. इथे एक काम करावंच लागतं जे बहुतेक लोक सोडून देतात: प्रत्येक खुंटातून दहा-बारा फुटवे येतात, सगळे ठेवले की परत दाटी. जूनमध्ये कोवळे असताना नुसत्या अंगठ्याने मोडून दोन किंवा तीन ठेवायचे, बाहेरच्या दिशेने जाणारे. मुळापासून लांब कुठेतरी उगवलेले सकर कात्रीने न कापता माती बाजूला करून ओढून उपटायचे, कापले की परत येतात. ससे येत असतील तर पहिल्या उन्हाळ्यात खुंटाभोवती कोंबड्यांची जाळी लावा, कोवळे शेंडे त्यांना फार आवडतात.

ऑगस्टमध्ये मी ब्रटिंग केलं, म्हणजे फांद्या न कापता हाताने अर्धवट मोडून ठेवल्या, आणि या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. पहिल्या महायुद्धाआधी केंटमध्ये हजारो एकरांवर हेझलनटच्या बागा होत्या, इकडे त्यांना कॉबनट म्हणतात, आणि त्या बागांमधली झाडं माणसाच्या हाताला येतील एवढी, साधारण दोन मीटरच, ठेवायचे. त्यासाठी ऑगस्टमध्ये त्या वर्षीच्या लांब, जोमदार बाजूच्या फांद्या मध्यावर हाताने मोडायच्या आणि तोडून न टाकता तशाच लोंबत सोडायच्या. कापली तर फांदी लगेच नवीन फुटवा काढते, मोडून लोंबत ठेवली की तिचा जोर मंदावतो, आत ऊन जातं, आणि पुढच्या वर्षीची फुलं त्या खालच्या भागात धरतात. मी फक्त जुन्या उरलेल्या खोडांवरच्या, हातभरापेक्षा लांब फांद्यांना हे केलं, बुडातून आलेल्या नवीन फुटव्यांना हात लावला नाही कारण तीच पुढची खोडं. महिनाभर झाड विस्कटलेलं दिसतं, घरी पाहुणे येतात आणि विचारतात हे वादळात मोडलं का. हिवाळ्यात मोडलेला भाग काढून फांदीवर तीन-चार डोळे (कळ्या) ठेवायचे.

दुसरा हिवाळा, फेब्रुवारी २०२४, पुढची सहा-सात खोडं. यात नवीन काही सांगण्यासारखं नाही, हात बसला होता, दुपारपर्यंत संपलं.

तिसऱ्या वेळी मात्र कागद परत. पहिल्या पत्रातली दोन वर्षं ऑक्टोबर २०२४ ला संपत होती आणि मला तर फेब्रुवारी २०२५ मध्ये कापायचं होतं, उरलेल्यांपैकी दोन खोडं अजून ७५ च्या वर. तेव्हा ऑक्टोबरमध्ये नवी नोटीस दिली, जुनंच स्केच, जुनंच वर्णन, वर आधीच्या नोटिशीचा नंबर. या वेळी काउन्सिलचे ट्री ऑफिसर स्वतः बघायला आले. मी घाबरले होते, पण त्यांनी बुडाशी वाकून नवीन फुटवे बघितले आणि एक गोष्ट सांगितली जी मी तुम्हा सगळ्यांना सांगते: आता सगळी खोडं तरुण राहतील, दरवर्षी सगळ्यात जाड दोन-तीन काढत राहिलात आणि १.५ मीटरवर एकही ७५ मिलिमीटरच्या वर जाऊ दिलं नाहीत, तर इथून पुढे या झाडासाठी नोटीस द्यावीच लागणार नाही. म्हणजे झाड लहान ठेवणं आणि कागदातून सुटणं, दोन्ही एकाच सवयीने होतं. मी टेप आता हातमोज्यांच्या डब्यातच ठेवलीय.

सध्या झाड अडीच मीटरच्या आसपास आहे, मधून मोकळं, वाटीच्या आकाराचं. स्वयंपाकघरात उजेड आहे. नट येतात पण खारी आधी येतात, ऑगस्टच्या शेवटी अजून हिरवी असतानाच नेतात, म्हणून मी थोडी हिरवीच काढते, ओली असतानाही ती खायला छान लागतात. काहींना बारीक गोल भोक असतं, ती फोडू नका, त्यात भुंग्याची अळी होती आणि ती गर खाऊन निघून गेलेली असते.

पूर्ण खर्च हत्यारं, जाळी आणि हिरव्या डब्याची फी धरून तीन वर्षांत कोटेशनच्या बराच खाली राहिला. ज्यांच्याकडे पिळदार फांद्यांचं शोभेचं हेझल आहे त्यांच्यासाठी एकच वेगळी सूचना: ते बहुतेक साध्या हेझलवर कलम केलेलं असतं, तेव्हा बुडातून येणारे सरळ फुटवे दिसले की लगेच उपटा आणि ते झाड बुडापासून कापू नका, नाहीतर पिळदार झाड जाऊन साधं हेझल हातात उरेल. फॉर्ममध्ये कामाचं वर्णन कसं लिहायचं यात कुणी अडकलं असेल तर विचारा, मी माझं लिहिलेलं पाठवते, त्यात फक्त झाडाची जागा आणि खोडांची संख्या बदलायची.